आतडे, गळा आणि रक्तरस

आधुनिक वैद्यकाने शरीराची वाटणी अवयवांनुसार केली आणि रोगांची वाटणीही त्याच हद्दींवरून झाली, त्यामुळे पोटाचा रोगी एका विभागात, गळ्याचा दुसऱ्या आणि त्वचेचा तिसऱ्या विभागात जाऊ लागला. या व्यवस्थेने निदानाला आणि शस्त्रक्रियेला जे बळ दिले ते निर्विवाद आहे. परंतु ज्या रोगांचे मूळ एखाद्या अवयवात नसून शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत आहे, अशा रोगांची परस्परांशी असलेली नाती या हद्दींमुळे दीर्घकाळ दृष्टीआड राहिली. सीलिॲक हा लहान आतड्याचा विकार आणि अवटू म्हणजे थायरॉईड ग्रंथीचे हाशिमोटो व ग्रेव्हज या नावांनी ओळखले जाणारे विकार यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सीलिॲक विकारात, आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीने गहू, जव किंवा राय यांतील ग्लुटेन हे प्रथिन खाल्ले की संरक्षणव्यवस्था आतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्नरस शोषून घेणारे तेथील बारीक अंकुर झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. हाशिमोटोच्या विकारात हीच व्यवस्था थायरॉईड ग्रंथी हळूहळू नष्ट करते, तर ग्रेव्हजच्या विकारात ती ग्रंथीला अखंड चेतवत राहते. स्वतःच्याच ऊतींवर होणाऱ्या अशा हल्ल्याला स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. आतड्याचा आणि गळ्याचा हा विकार एकाच व्यक्तीत निव्वळ योगायोगाने व्हावा त्याहून अधिक वेळा आढळतो, हे आज सर्वमान्य आहे. मात्र ते सिद्ध होण्यास विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला, आणि त्याचे श्रेय रोग्याच्या खाटेपेक्षा प्रयोगशाळेतील रक्तरसाच्या परीक्षानळीकडे अधिक जाते.

या दोन्ही रोगांची आधुनिक वर्णने जवळजवळ एकाच वेळी आणि एकाच शहरात झाली, ही बाब इतिहासकारांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य ॲरिटीअस याने अन्न न पचता बाहेर पडणाऱ्या एका जुनाट पोटविकाराचे वर्णन करून ठेवले होते, आणि १८५६ मध्ये त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले होते. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात सॅम्युअल गी यांनी या विकारावर व्याख्यान दिले आणि पुढील वर्षी ते सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वार्षिक वृत्तांतात छापून आले. त्याच १८८८ साली क्लिनिकल सोसायटी ऑफ लंडन या संस्थेच्या समितीने शंभराहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून मिक्सिडीमाविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. अंगावर सूज, त्वचेला कोरडेपणा, बोलण्याचालण्यात मंदपणा आणि थंडी सहन न होणे ही लक्षणे असलेल्या या विकाराचे वर्णन विल्यम गल यांनी १८७३ मध्ये केले होते, आणि तो थायरॉईड ग्रंथी निकामी झाल्यामुळे होतो असे समितीने ठरवले. एका शहरातील वैद्यकमंडळींच्या हाती एकाच वर्षी ही दोन्ही वर्णने आली, तरी ती एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचे कोणाला कारण नव्हते. कारण गी यांचे रुग्ण मुख्यतः एक ते पाच वर्षांची मुले होती आणि समितीचे रुग्ण बहुतांशी प्रौढ स्त्रिया होत्या.

त्यानंतर दोन्ही रोगांच्या वाटा वेगळ्या झाल्या. थायरॉईडच्या बाबतीत उपचार लवकर सापडला: न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून मिक्सिडीमाच्या रुग्णेला बरे केले, आणि ग्रंथीचा स्राव बाहेरून देता येतो हे कळल्यावर ती ग्रंथी मुळात नष्ट का झाली या प्रश्नाची निकड उरली नाही. सीलिॲकच्या बाबतीत औषध नव्हते. हा रोग बरा झालाच तर आहारानेच होईल अशी गी यांची खात्री होती आणि त्या दिशेने त्यांनी केलेले प्रयोग आज चमत्कारिक वाटतात. एका मुलाला त्यांनी रोज हॉलंडमधील तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतील मांस, भरपूर खाऊ घातले, मूल सुधारले, परंतु शिंपल्यांचा हंगाम संपल्यावर आजार पुन्हा उलटला. न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार मांडला आणि त्याचा जगभर बोलबाला झाला. त्यांच्या आहारात पाव, बिस्किटे आणि बटाटे वर्ज्य होते; गुण यायचा तो पाव सुटल्यामुळे, पण श्रेय मिळाले केळ्याला. पुढची पंचवीसेक वर्षे असंख्य मुले केळ्यांवर वाढली आणि ती मोठी होऊन पुन्हा पाव खाऊ लागल्यावर आजार परतला, तरी तो नवाच आजार समजला गेला.

गव्हाचा दोष उघड केला तो हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. १९०५ मध्ये डॉर्ड्रेख्ट येथे जन्मलेले डिके वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या सुमारास हेग येथील युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्याविषयीची एक कथा फार लोकप्रिय आहे: १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याच्या नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार पडली, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगू लागले, आणि रुग्णालयातील इतर मुले खंगत असताना सीलिॲकची मुले मात्र सुधारू लागली, पुढे मित्रराष्ट्रांच्या विमानांनी पाव पुरवला तेव्हा तीच मुले पुन्हा आजारी पडली आणि डिके यांना कारण उमगले. कथा सुरेख आहे, पण कालक्रमाला धरून नाही. गव्हाविषयीचा संशय डिके यांना युद्धापूर्वीच आला होता आणि पावाविना आहाराची शिफारस करणारा त्यांचा लेख १९४१ मध्येच डच भाषेत प्रसिद्ध झाला होता. उपासमारीच्या हिवाळ्याने त्यांच्या आधीच्या निरीक्षणाला भयंकर परिस्थितीत दुजोरा दिला, एवढेच. खरे काम त्यानंतरचे आहे. रसायनतज्ज्ञ यान फान दे कामर यांनी विष्ठेतील चरबी मोजण्याची पद्धत बसवली. तिच्या साहाय्याने डिके आणि त्यांचे सहकारी वाइयर्स यांनी मुलांच्या आहारात गहू घालून आणि काढून, शोषली न गेलेली चरबी किती वाढते आणि किती घटते याची नोंद ठेवली. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठाला सादर झालेल्या डिके यांच्या प्रबंधाने हा सिद्धांत मांडला, त्यानंतर गव्हाचा पिष्टमय भाग निर्दोष असून दोष ग्लुटेनमध्ये आहे हे दाखवण्यात आले, आणि १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला स्वतंत्रपणे पुष्टी दिली.

थायरॉईडच्या बाजूची मुख्य कथा जपानमधील फुकुओका शहरात घडली. मिए प्रांतातील वैद्यघराण्यात १८८१ मध्ये जन्मलेले हाकारू हाशिमोटो १९०७ मध्ये पदवी घेऊन तेथील विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागात हायारी मियाके यांच्या हाताखाली काम करू लागले. चार स्त्रियांच्या गळ्यातून काढलेल्या वाढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना असे दिसले, की ग्रंथीच्या स्वतःच्या पेशी ओसरल्या असून तेथे लसीकापेशींनी, म्हणजे संरक्षणाचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराने, ठाण मांडले आहे. १९१२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण तीस पानांच्या जर्मन निबंधात बर्लिनच्या शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि हा गलगंडाचा आजवर न ओळखलेला, वेगळा प्रकार आहे असे सांगितले. पुढील शिक्षणासाठी ते युरोपात गेले, महायुद्धामुळे परतले, आणि वडिलांच्या निधनानंतर १९१६ मध्ये गावी जाऊन ग्रामीण वैद्य म्हणून काम करत राहिले. १९३४ मध्ये विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला. युरोपीय तज्ज्ञ बराच काळ असे मानत राहिले, की जर्मन शल्यविशारद रीडल यांनी १८९६ मध्ये वर्णिलेल्या दगडासारख्या कठीण गलगंडाचीच ही पूर्वावस्था असावी. १९३१ मध्ये अमेरिकेतील ग्रॅहम आणि मॅककला यांनी दोन्ही विकार वेगळे असल्याचे दाखवले आणि हाशिमोटो यांचे नाव रोगाला जोडले. गावात प्रसूती आणि ताप पाहणाऱ्या या वैद्याला स्वतःच्या नावाचे पुढे काय होणार आहे याची कल्पना असण्याचा संभव नाही.

लसीकापेशींनी ग्रंथीत ठाण का मांडले, याचे उत्तर शोधण्याच्या आड एक सिद्धांत उभा होता. शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करत नाही, किंबहुना तसे करण्याचे त्याला भय असते, असे पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते, आणि त्यांच्या अधिकारामुळे स्वयंप्रतिकाराची कल्पनाच जवळपास निषिद्ध झाली होती. बफेलो विद्यापीठातील अर्न्स्ट विटेब्स्की हे तर एर्लिख यांच्या शिष्याचे शिष्य. त्यांच्या प्रयोगशाळेतील तरुण संशोधक नोएल रोझ यांनी सशांना सशांच्याच थायरॉईडचा अर्क टोचला, तेव्हा सशांच्या रक्तात त्या ग्रंथीतील थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पदार्थाला पकडणारी रक्तातील प्रथिने, निर्माण झाली. एखाद्या सशाच्या ग्रंथीचा अर्धा भाग काढून तोच त्याला टोचल्यावरही हेच घडले, आणि उरलेल्या अर्ध्या भागात हाशिमोटोच्या वर्णनासारखी लसीकापेशींची गर्दी दिसली. हे निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेबोरा डोनिआक यांच्या लक्षात आले होते, की हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनचे, म्हणजे प्रतिपिंडे ज्यांत मोडतात त्या प्रथिनांचे, प्रमाण वाढलेले असते आणि ग्रंथी काढल्यावर ते उतरते. त्यांचे सहकारी आयव्हन रोइट यांनी रुग्णांचा रक्तरस, म्हणजे सीरम, थायरॉईडच्या अर्काशी मिसळून पाहिला आणि साका तयार झाला. तिसरीकडे न्यूझीलंडमधील डनीडन येथे ॲडम्स आणि पर्व्हिस यांना ग्रेव्हजच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला दीर्घकाळ चेतवणारा एक घटक सापडला, आणि तोही पुढे प्रतिपिंडच ठरला. एकाच वर्षात तीन खंडांतून आलेल्या या पुराव्याने एर्लिख यांच्या निषेधाचे वजन संपवले.

आतड्याच्या संशोधनातही १९५६ हे महत्त्वाचे वर्ष आहे. लंडनमध्ये मार्गोट शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढण्याची रीत त्या वर्षी प्रसिद्ध केली आणि झिजलेले अंकुर जिवंत रुग्णात पाहता येऊ लागले. मात्र या काळात सीलिॲक विकाराकडे पाहण्याची दृष्टी वेगळी होती. रुग्णाच्या आतड्यात ग्लुटेन पचवणारे एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच नसावे आणि अर्धवट पचलेला अंश विषासारखा काम करत असावा, असे अनेकांना वाटत होते. थायरॉईडचा विकार संरक्षणव्यवस्थेचा आणि सीलिॲक पचनाचा, अशी ही फाळणी झाल्यामुळे दोघांचे नाते शोधायला कोणी बसले नाही. या टप्प्यावर अडसर केवळ विभागांच्या भिंतींचा नव्हता. कारणमीमांसाच चुकीच्या खणात ठेवली गेली होती.

दरम्यान गळा आणि पचनमार्ग यांच्यातील पहिला पूल बांधला गेला तो जठराच्या ठिकाणी. पर्निशस ॲनिमिया या रक्तक्षयात जठरातील आम्ल निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि ब-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही. या रुग्णांच्या रक्तात जठरपेशींविरुद्धची प्रतिपिंडे असल्याचे डोनिआक, रोइट आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवले, आणि यांपैकी अनेकांच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडेही सापडली. एका रक्तरसाच्या नमुन्यावर अनेक अवयवांची परीक्षा करण्याची पद्धत येथून रूढ झाली, आणि अवयवांच्या हद्दी ओलांडण्याचे काम या पद्धतीने केले. त्याआधी १९५९ मध्ये स्वीडनमधील ब्रोबर्गर आणि पर्लमन यांनी मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत आतड्याविरुद्धची प्रतिपिंडे असल्याचे सांगितले होते. परंतु त्या विकाराचे थायरॉईडशी नाते सीलिॲकइतके स्पष्टपणे कधीच सिद्ध झाले नाही, आणि आतड्याचे सगळे दाहजन्य रोग एका माळेत ओवण्याची लोकप्रिय लेखनातील सवय इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

सीलिॲक विकाराला त्याचा योग्य खण मिळाला तो १९७० च्या दशकात. १९७१ मध्ये रुग्णांच्या रक्तात रेटिक्युलिन या आधारऊतीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, आणि १९७२ मध्ये एचएलए-बी८ हा वारसा या रुग्णांत असाधारण प्रमाणात असल्याचे उघड झाले. एचएलए म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील अशा खुणा, की ज्यांच्या आधारे संरक्षणव्यवस्था आपले आणि परके ओळखते. ग्रेव्हजच्या विकारातही हीच बी८ खूण अधिक आढळते हे दोनच वर्षांत स्पष्ट झाले, आणि दोन रोगांना जोडणारा समान वारशाचा धागा प्रथमच दिसला. १९७५ मध्ये लीड्सच्या स्कॉट आणि लोसोव्स्की यांनी 'लॅन्सेट'मध्ये धाडसी प्रश्न विचारला, की सीलिॲकसोबत दिसणारे इतर स्वयंप्रतिकार विकार हे निव्वळ सोबती आहेत की आतड्यातील बिघाडाचाच परिणाम आहेत. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या कूपर, होम्स आणि कुक यांनी आपल्या सीलिॲक रुग्णांतील अशा विकारांची मोजणी प्रसिद्ध केली. येथपर्यंतचे बरेच पुरावे मोठ्या रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेले होते, आणि अशा नोंदींत एक दोष असतो: ज्याच्या वारंवार तपासण्या होतात त्याच्यात दुसरा रोगही सापडण्याची शक्यता वाढते.

हा दोष कमी करणे शक्य झाले ते स्वस्त आणि नेमक्या रक्तचाचण्यांमुळे. १९८३ मध्ये एंडोमिसियम या स्नायुतंतूंभोवतीच्या आधारऊतीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी आली, १९८५ मध्ये थायरॉईडविरोधी प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य थायरॉईड पेरॉक्सिडेज हे विकर असल्याचे कळले, आणि १९९७ मध्ये बर्लिनच्या वालबुर्गा डीटरिख, डेटलेफ शुप्पान आणि सहकाऱ्यांनी सीलिॲकमधील प्रतिपिंडांचे लक्ष्य टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर असल्याचे दाखवले. आता थायरॉईडच्या दवाखान्यात रक्त घेऊन आतड्याचा विकार शोधता येऊ लागला, आणि उलटही. १९९४ मध्ये ब्रिटन आणि फिनलंड येथून अशा पाहण्या प्रसिद्ध झाल्या; स्वयंप्रतिकारी थायरॉईड विकाराच्या रुग्णांत सीलिॲकचे प्रमाण साधारणपणे २ ते ५ टक्के असते, तर युरोपातील सर्वसाधारण लोकांत ते १ टक्क्याच्या आसपास असते, असे चित्र त्यांतून आणि नंतरच्या अभ्यासांतून तयार झाले. २००१ मध्ये इटलीतील अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात उपचार सुरू न झालेल्या सीलिॲक रुग्णांमध्ये थायरॉईडचे विकार निरोगी लोकांच्या सुमारे तिप्पट आढळले. अनेक रुग्णांना पोटाची तक्रारच नसते, ही गोष्टही याच चाचण्यांनी उघड केली; केवळ लक्षणांवर भिस्त ठेवणाऱ्या जुन्या वैद्याला हे नाते दिसणे जवळपास अशक्य होते.

नाते सिद्ध झाले तरी त्याचा अर्थ वादग्रस्त राहिला. १९९९ मध्ये इटलीतील व्हेंतुरा आणि सहकाऱ्यांनी मांडले, की ग्लुटेनचा संपर्क जितकी अधिक वर्षे राहील तितका इतर स्वयंप्रतिकार विकारांचा धोका वाढतो; २००५ मध्ये फिनलंडमधील अभ्यासाला तसा संबंध आढळला नाही. सीलिॲकमधील प्रतिपिंडे थायरॉईडच्या ऊतीलाही चिकटतात असे २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवले, परंतु चिकटण्यावरून इजा सिद्ध होत नाही. या सगळ्यातून निघणारा सावध निष्कर्ष असा, की समान वारसा हे नात्याचे भक्कम कारण आहे आणि ग्लुटेन हे थायरॉईडच्या विकाराचे कारण असल्याचे ठरलेले नाही. गेल्या काही वर्षांत सीलिॲक नसलेल्या थायरॉईडच्या रुग्णांनाही गहू सोडण्याचा जो सरसकट सल्ला बाजारातून मिळतो, त्याला या इतिहासात आधार सापडत नाही. एका बाबतीत मात्र आतडे गळ्याच्या उपचारावर थेट परिणाम करते: थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या स्रावाची, गोळी लहान आतड्यात शोषली जाते, त्यामुळे अस्तर झिजलेल्या रुग्णाला नेहमीपेक्षा मोठी मात्रा लागते, आणि रोममधील चेंतानी यांच्या गटाने दाखवल्याप्रमाणे ग्लुटेनविरहित आहार सुरू झाल्यावर ती मात्रा पुन्हा खाली आणता येते. वाढत्या मात्रेलाही दाद न देणारा थायरॉईडचा रुग्ण, हे सीलिॲक ओळखण्याचे एक साधन झाले आहे.

भारतात या दोन रोगांची गाठ पडण्यास आणखी वेळ लागला, कारण येथे थायरॉईडचा प्रश्न म्हणजे आयोडीनच्या अभावाचा गलगंड, असेच दीर्घकाळ समीकरण होते. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा मोठा प्रयोग केला, १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि आयोडीनची उणीव भरून निघू लागल्यावरच हाशिमोटोचा विकार ठळकपणे दिसू लागला. सीलिॲक हा गोऱ्या लोकांचा रोग आहे या समजाला १९६६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील उत्तर भारतीय मुलांविषयीच्या निबंधाने तडा गेला. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नरिंदर मेहरा यांच्या गटाने असे दाखवले, की या मुलांतील बी८ वारशाची ठेवण युरोपीय ठेवणीहून वेगळी, भारतीय आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत सीलिॲकचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले, जरी रोगाला पोषक वारसा तिन्हीकडे जवळपास सारखाच होता. उत्तरेत मात्र गहू रोजचा होता आणि दक्षिणेत क्वचितचा. ज्वारी आणि बाजरीच्या भाकरीत ग्लुटेन नसते, त्यामुळे भाकरीवरून पोळीवर आलेल्या महाराष्ट्राच्या संदर्भात हे आकडे विशेष कुतूहलाचे आहेत. थायरॉईडचा विकार मात्र गव्हाच्या या नकाशाला जुमानत नाही: भाताच्या केरळात, कोची शहरातील प्रौढांच्या पाहणीत, थायरॉईडची मंदता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे, आणि हाशिमोटो यांनी ज्या चार स्त्रियांच्या ग्रंथी तपासल्या त्याही भात खाणाऱ्या आणि सीलिॲक विरळा असलेल्या देशातल्याच होत्या.